मणेर सरांचा आवाज

मणेर सर शब्दाचा अर्थ कानाच्या आधी हाताला सांगायचे. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. घर हुपरीचं, भाऊ चांदीची पैंजणं करतात. 'ड्रॉ' हे क्रियापद आलं त्या दिवशी सरांनी पिशवीतनं भोकं पाडलेली पोलादी पट्टी काढली, एका भोकात चांदीची तार घातली आणि टोकाला पकड लावून माझ्या हातात दिली.

"ओढ की. जेवला न्हाईस काय?"

मी ओढली. तार बारीक होऊन अलीकडं आली.

"झालं. मुळात ड्रॉ म्हंजे ओढणं, एवढंच. विहिरीतनं पाणी ओढलं, ड्रॉ. म्यानातनं तलवार ओढली, ड्रॉ. कागदावर पेन्सिल ओढत नेली, चित्र झालं, तेबी ड्रॉ. टेबलाचा खण ओढतोस, म्हणून त्यो ड्रॉवर. एकाच घरातली भावंडं हाईत, नुसती येगळ्या गावात नांदत्यात."

एखादं अडलं तर सर मान ताठ करून सांगायचे, "माहीत न्हाय. बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. माहीत नसल्याचा एवढा रुबाब मी दुसऱ्या कुणात बघितला नाही.

मी त्यांची नक्कल करायचो. एकदा कँटीनमध्ये रंगात आलो होतो आणि सर मागंच उभे. म्हणाले, "खोकला राहिला की. मी प्रत्येक वाक्याआधी खोकतो."

त्याच खोकल्यापायी पुढं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. परीक्षा तोंडावर. सर पाटी घेऊन वर्गात आले आणि माझ्यापुढं धरली: 'मी लिहितो. तू बोल. माझ्यासारखाच.'

पंधरा दिवस मी मणेर सर होतो. खोकल्यासकट.

मग पहिल्या बाकावरच्या आरतीनं विचारलं, "सर, मॅच ड्रॉ होते, त्यात कोण काय ओढतं?"

सर पाटीवर लिहायला वाकले. मला कुठला दम निघतोय. खोकलो आणि म्हणालो, "पूर्वी दोन्ही कॅप्टन दोरी ओढायचे. तुटली न्हाय, की ड्रॉ."

कुणी हसेल म्हणून मी थांबलो. सगळी पोरं खाली मान घालून वहीत उतरवून घेत होती.

सरांनी पाटी टेबलावर ठेवली. उभे राहिले.

"माहीत न्हाय," ते म्हणाले. पत्र्यावर खिळा घासल्यागत आवाज. "खोडा ते."

लिहूनही भागलं असतं. पण त्यांच्या आवाजात गेलेलं खोटं त्यांना त्यांच्याच आवाजानं बाहेर काढायचं होतं.

डॉक्टरांनी गप्प बसायचे आणखी पंधरा दिवस वाढवले. मी एसटीनं हुपरीला गेलो. म्हणालो, "सर, चुकलं माझं. दुसरा कोणतरी बघा." त्यांनी पाटीवर लिहिलं: 'दुसऱ्या कुणाला खोकता येत न्हाय. उद्या वेळेवर ये.'

शेवटी आवाज आला, पण जाडाभरडा, परक्या माणसाचा. पहिल्याच तासाला पोरं माझ्याकडं वळून बघायला लागली. मला कुठं तोंड लपवू असं झालं. तास सुटल्यावर म्हणालो, "सर, आता मी तुमचा आवाज काढायचा बंद करतो."

"का? काढ की," सर म्हणाले. "पहिला आवाज आता तुझ्याकडंच हाय. घरात आमची मंडळीबी आठवण काढत्यात. ये कधीतर, ऐकव त्यास्नी. फकस्त खोटं बोलायला वापरू नको."

त्या रविवारी जेवायलाच बोलावलं त्यांनी.