मम्मीची मिशरीची डबी

आधीच सॉरी म्हणते. माझं शुद्धलेखन कच्चं हाय आणि टायपिंग तर लयच हळू... नववीतनं शाळा सुटली ती सुटलीच. चुकलं तर समजून घ्या.

दोन आठवड्यामागं आमी सांगलीला चेकअपला गेलतो, मी आणि मम्मी. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी... मला मानेतल्या गाठीचा कॅन्सर हुता. ट्रीटमेंट संपून अडीच वर्षं झाली. आता मी अठराची हाय, घरी पिको-फॉल करते. दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं असतं.

दरवेळी तिथं फॉर्म भरत्यात. दारू, सिगारेट, तंबाखू काय हाय का... मी खाली बघत बसते आणि मम्मी सांगती, न्हाई ओ मॅडम, आमच्या घरात कुणाला कसला नाद न्हाई. ती खोटं बोलत न्हाई बरं का. तिला खरंच तसं वाटतं.

आणि तिच्या पिशवीत मिशरीची डबी असती. आमच्या गल्लीत समद्या बायका लावत्यात. तंबाखू तव्यावर काळी होस्तोवर भाजायची, कुटायची, बोटानं दाताला घासायची... पण तिला कुणी तंबाखू म्हणत न्हाई. ते दात घासायचं असतं, बास.

आता खरं सांगते. वर्षभर झालं, मी पण लावत हुते. मम्मीच्या डबीतनं, चोरून.

पहिल्यांदा चेकअपच्या आधीच लावायची. तारीख जवळ आली की हात सारखा मानंला जायचा. गाठ हाय का, न्हाई का... शिलाई मशीनवर बसलं तरी सुई पुढं सरकायची न्हाई. तवा चिमूटभर लावली की डोकं जरा गरगरायचं आणि मग गप व्हायचं.

पुढं तारीख नसली तरी लागायला लागली. दिवसाला पाच-सहा वेळा. जेवण कमी झालं, घराभायेर पडणं बंद. घरात सांगू तरी कुणाला? समदी म्हणायची, बरी झालीस की आता, कसलं टेन्शन. त्यांचं पण बरोबर हाय. एवढं सगळ्यांनी केलं माझ्यासाठी, आणि मी परत रडायला बसायचं म्हंजे...

यावेळी तिथं एक नवीन ताई हुत्या. माझ्यासारख्या बऱ्या झालेल्या पोरापोरींशी त्या एकेकट्याला बसवून बोलायच्या. झोप लागती का, खाती काय, मनात काय येतं. मला अनोळखी माणसापुढं आवाजच फुटत न्हाई. त्यांनी काय केलं, कागद-पेन पुढं सरकवलं आणि स्वतः खिडकीकडं बघत बसल्या.

मी लिव्हलं... मी मिशरी लावते. मला भ्या वाटतं.

वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, आधी काय येतं, भ्या का मिशरी? मी कागदावर 'भ्या' वर बोट ठेवलं.

मग त्या बराच वेळ समजावत हुत्या. मिशरी म्हंजे तंबाखूच, आणि मला तर ती नकोच नको. भ्या वाटणं हा काय कमीपणा न्हाई, बरं झाल्यावर लय जणांना वाटतं. तलप आली की उठून दहा मिनटं चालायचं आणि घरात एका तरी माणसाला सांगायचं. मम्मीला मी सांगू का, म्हणाल्या. मी नको म्हणून मान हलवली. म्हणलं, मीच सांगते.

बोलले खरं... पण स्टँडवर येईस्तोवर सांगायचं नुसतं पुढं ढकलत हुते. रिपोर्ट चांगला आलता म्हणून मम्मी खूष. बाकड्यावर बसल्या बसल्या तिनं डबी काढली, बोट घातलं.

मी म्हणलं, "मम्मी, मला बी लागती ती."

तिला आधी कळंना. मग कळलं. बोट तसंच डबीत. मला वाटलं, चारचौघात एक ठिवून देती आता.

"कवापासनं?"

"वर्ष झालं."

आमची गाडी लागली, भरली, गेली. आमी दोघी तिथंच. मग ती हळू म्हणली, "मी आधी सकाळचीच लावायची गं. मग दवाखान्यात तुला आत सुई टोचायची, तू वरडायचीस... मी भायेर जिन्यात बसून लावायची. तवापासनं सुटंना."

म्हंजे वर्षभर एकाच डबीतनं आमी दोघी एकच भ्या दाताला घासत हुतो... आणि एकमेकीला पत्ता न्हाई.

मम्मीनं डबी पिक्चरसारखी फेकून बिकून दिली न्हाई. घरी आणून रिकामी केली, धुतली, उन्हात वाळवली आणि तिच्यात बडीशेप भरली. दुसऱ्या दिवशी सवयीनं बोट घातलं आणि बडीशेपच दाताला घासत बसली. मी लय दिवसांनी पोट धरून हसले.

आता रोज आमी दोघी कॅनॉलच्या रस्त्यानं चालायला जातो. तिथं आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं पळत असत्यात, शेजारच्या काकूंचा अमोल बी त्यातलाच. काकू दारातनं विचारत्यात, "काय गं मायलेकी, कुठल्या भरतीला निघालाय?" मम्मी म्हणती, "मिल्ट्रीत. तुमी बी चला, डबी तेवढी घरी ठिवा." काकू अजून आल्या न्हाईत.

लगीच सुटलं असं न्हाई. मम्मी दोनदा चुकली, मी एकदा. पण चुकलं की सांगायचं ठरलंय. पुढच्या चेकअपला फॉर्मवर काय सांगायचं, ते पण ठरलंय.

हात अजून मानंला जातोच. फक्त आता गेला की मम्मी विचारती, काय आलं का मनात... आणि मी व्हय म्हणते. एवढंच. पण एवढं व्हय म्हणायला मला अडीच वर्षं लागली. त्या ताई हे वाचत असतील तर, थँक्यू. त्या दिवशी तोंडानं म्हणायचं राहून गेलं.

थांबा, भायेर फटाके वाजाय लागलेत... काकूंच्या अमोलचं आर्मीत सिलेक्शन झालं म्हणं.