हलकं, कोरडं आणि तीन दिवस टिकणारं

शाळेतल्या पंचवीस पोरांना रिठदहून लोणारपर्यंत पायी न्यायचं, हे खूळ माझ्या डोक्यात अकोल्याच्या शिबिरात शिरलं. शिक्षकांचं दहा दिवसांचं शिबिर होतं. खाकी अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ तिथे रोज सकाळी आम्हाला पाठीवर पिशवी बांधून कसं हिंडायचं ते शिकवत. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरीला तीन. त्या वयात माणसाला कोणीही काहीही शिकवू शकतं. मी परत आलो तो पाठीवर खाकी पिशवी घेऊनच. एस.टी.त बसायला जागा असूनही ती मी खाली उतरवली नाही.

हेडमास्तरांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"आधी तुम्ही स्वतः जाऊन या," ते म्हणाले. "पाठीवर नेलेलंच खायचं. वाटेत कोणाच्या घरचा घास घ्यायचा नाही. जमलं तर सही करतो."

अट उगाच नव्हती. दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. त्या साली पाहुणा येताना दिसला की लाजेनं दार लोटून घेणारी घरं हेडमास्तरांनी पाहिली होती. पंचवीस पोरं एखाद्या गावात उतरली तर कोणी नाही म्हणणार नाही, आणि त्या घरांतलं चार दिवसांचं पीठ एका सकाळी संपेल, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. सगळा त्रास पटल्यामुळेच झाला.

न्यायचं काय, हा प्रश्न मी शास्त्रानं सोडवायचा ठरवला. शिबिरातल्या गृहस्थांचा नियम पाठ होता: हलकं, कोरडं आणि तीन दिवस टिकणारं. भाजी बाद. वरण-भाताचं तर नावच नको. तेलाचं काही नेलं तर खाकी पिशवीला डाग पडतील, म्हणून धपाटे बाद. चिवडा हलका, पण जागा फार खातो. उरलं काय? दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, सातूचं पीठ, फुटाणे, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. हे सगळं मी किराणा दुकानाच्या तराजूत तोलून आणलं, परत नेलं, पुन्हा तोललं.

"मास्तर, दुकान टाकून राह्यले काय?" दुकानदारानं विचारलं.

दशमी नेमकी किती दिवस टिकते, यावर घरात एकमत होईना. आई म्हणाली दोन, बायको म्हणाली हवेवर आहे. मग मी पिशवी अंगणातल्या कडुनिंबाला उन्हात टांगली आणि रोज त्यातलीच एक दशमी त्याच झाडाखाली बसून खाऊ लागलो. घरात बसून खाल्लं तर प्रवासातली परिस्थिती कशी येणार? आत वांग्याच्या भाजीला फोडणी बसायची आणि बाहेर मी तीन दिवसांच्या दशमीचा वास घेत बसायचो. चौथ्या दिवशी तिच्यावर हिरवी लव आली. मी वहीत नोंद केली आणि पिशवीत ताज्या दशम्या भरून पुन्हा सुरुवात केली.

पण नोंद फक्त मीच करत नव्हतो. रस्त्यावरून जाणारा-येणारा बघत होता. सहाव्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.नं कामरगावहून माझा मेव्हणा येऊन हजर झाला. त्याच्या आईच्या कानावर गेलं होतं की आपली लेक जावयाला उपाशी ठेवते, शिळंपाकं देते आणि तेही घराबाहेर बसवून.

मेव्हणा माझ्यासमोर उकिडवा बसला. "भाऊजी, खरं खरं सांगा. आमच्या बाईनं काय केलं? मी समजावतो तिले."

"तिनं काही केलं नाही. मी दशमी तपासतोय."

"कायची दशमी?"

"तीन दिवसांची."

तो उठला. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "काय वं बाई, यायच्या डोक्यावर काही पडलं काय?"

"अकोल्याचं शिबिर पडलं," बायको आतून म्हणाली. "तुले जेवाले वाढू का, का तू बी झाडाखाली बसतं?"

सासूबाईंनी त्याला निरोप देऊनच पाठवलं होतं, काही वेडंवाकडं दिसलं तर जावयाला एकटं सोडू नको. तो सोबत निघाला. एका माणसाचा हिशेब दोघांचा झाला आणि मेव्हणा म्हणजे खाण्याच्या बाबतीत दोन माणसं. मी पुन्हा तराजूकडे गेलो.

जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर निघालो. मैलभर गेलो असू, तेवढ्यात मेव्हण्यानं उद्याचा गूळ खाल्ला. पुढे एका वावरात हुरडा भाजत होते. शेतकऱ्यानं लांबूनच हाक मारली, "या हो मास्तर, बसा जराक!" मी हात जोडून म्हणालो, "आमचं आमच्याजवळ आहे." पुढे बाभळीच्या विरळ सावलीत बसून आम्ही सातूचं पीठ पाण्यात कालवून खाल्लं. हुरड्याचा वास तिथपर्यंत येत होता.

"भाऊजी, हे टाळ्याले चिकटून राह्यलं. बोलता बी येत नाई."

"मग बोलू नको."

त्या दिवशी मी एक वावर आणि दोन ओसऱ्या नाकारल्या. रिसोडला पोचेपर्यंत माझी छाती फुगली होती. पोट रिकामं होतं, पण सही जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर एका लहानशा गावाच्या कडेला विहीर दिसली. एक म्हातारे गृहस्थ पाणी शेंदत होते. त्यांनी आमच्या पिशव्यांकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं. "कोठचे? रिठदचे मास्तर? मंग या ना घरात. बुढी भाकरी टाकूनच राह्यली."

घर विहिरीला लागूनच होतं. दोन खोल्या, सारवलेली ओसरी. उघड्या दारातून भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कालपासून घोटलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, आणि जिभेला वळण लागलं की ती थांबत नाही, म्हणून पुढे आणखी एक आलं. "नको बाबा, आमचं आमच्याजवळ आहे. आम्ही कोणाच्या घरचं खात नाही."

म्हाताऱ्यांनी दोर खाली ठेवला. रागावले नाहीत. "आमच्या घरचं चालत नसन तं तसं सांगा मास्तर. पानी तरी घेता का, का तेबी नाई?"

आतला भाकरीचा आवाज थांबला.

मी घाईघाईनं सांगायला लागलो. हेडमास्तर, अट, पंचवीस पोरं, दुष्काळ. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटू लागलं. मलाच वाटू लागलं, तर त्यांना का वाटू नये?

"हो," ते म्हणाले. "अट असतेच. सारे तसंच सांगतात."

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो चपला काढून सरळ ओसरीवर जाऊन बसला. मग मीही बसलो. गरम भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. काल दुपारनंतर पहिल्यांदा तोंडाला ओलावा मिळाला. मी तीन भाकरी खाल्ल्या. प्रत्येक घासाला सही लांब जाताना दिसत होती, आणि तरी चौथी घ्यावीशी वाटत होती, याचाच मला जास्त संताप आला.

जेवण झाल्यावर आजीबाईंनी पिशवीत एवढं आहे काय म्हणून विचारलं. दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी दशमी बोटानं दाबून पाहिली, सातूची चिमूट तोंडात टाकली आणि ठसका लागून पाणी प्यायल्या.

"अन् हे कोनी समोर बसलं असन तं त्याले कसं देसान बाप्पा?"

"हे फक्त आमच्यापुरतं आहे."

"मंग खाता कसं?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. समोरच्याला घे म्हणता येणार नाही असं खाणं कोणी मुद्दाम निवडून, तोलून, पाठीवर वाहून आणेल, हे त्यांच्या समजुतीत बसेना. आठ दिवस वहीत नोंदी करूनही हा रकाना माझ्या ध्यानात आला नव्हता.

लोणार गाठलं, एस.टी.नं परतलो. गाडीत मेव्हणा म्हणत होता, "हेडमास्तरले सांगाचं नाई. कोनं पाह्यलं?" मलाही तेच बरं वाटत होतं. पण शाळेत गेलो, हेडमास्तरांनी "काय?" एवढंच विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं.

"म्हणजे जमलं नाही."

"नाही सर."

"किती खाल्ल्या?"

"मी तीन. मेव्हण्यानं पाच."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. "तुम्ही नको म्हटल्यावर ते काय म्हणाले, ते पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त जड गेलं. त्यांनी अर्ज पुढे ओढला. "अट माझी होती, चूकही माझीच म्हणा. आता असं करा. प्रत्येक पोरानं दोघांचं घेऊन निघायचं. ज्याच्या ओसरीवर बसाल त्याच्यापुढे आधी आपलं ठेवायचं, मग त्याचं खायचं. आणि मास्तर, पुढे ठेवायला लाज वाटणार नाही असं न्या."

सही झाली. मी बाहेर आलो तो कपाळाला हात लावूनच. दुप्पट वजन! हलकं, कोरडं, सगळं शास्त्र पाण्यात.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "गुळाच्या पोळ्या न्या. तीळ घालून. आठ दिवस काही होत नाई त्याले."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं कुठी? तुमी तं वास घेऊन राह्यले होते."

पंधरा दिवसांनी पोरांना घेऊन निघालो. पोळी पुढे करायची म्हटल्यावर पोरांना चेवच आला. गुराखी, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया, सायकलवरचा पोस्टमन, कोणाला सोडलं नाही. आणि लोक तरी घेऊन गप्प बसतात? कोणी हरभऱ्याचे टहाळ दिले, कोणी बोरं, कोणी ओंजळभर शेंगा. रिसोडच्या पुढे पिशव्या निघतानापेक्षा जड झाल्या आणि लहान पोरं रडकुंडीला आली. त्यांच्या पिशव्या घ्यायच्या कोणी? मेव्हणा कामरगावला होता.

लोणारच्या सरोवराच्या काठावर सगळे पोचले आणि एकच ओरडा झाला, "सर, पाहा, पाहा!" माझ्या पाठीवर दोन पिशव्या होत्या आणि छातीवर टहाळांनी भरलेली तिसरी. मला हरभऱ्याच्या पानांपलीकडचं काही दिसत नव्हतं.