चित्राखालचं नाव

मी आज जो काही आहे तो हिंगणघाटच्या मारोतराव पेंटरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. चित्रं काढण्याचंही शिक्षण असतं हे मला त्यांनीच सांगितलं, पुण्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्मही त्यांनीच आणून दिला. मी त्यांना काकाजी म्हणायचो. दीड महिन्यापूर्वी सकाळी काकूंचा फोन आला. "बापू, तुये काकाजी गेले रे..." एवढंच. मी ऑफिसात होतो, एका अ‍ॅपची चित्रं पडद्यावर मांडत होतो.

कॉलेजात असताना सुट्टीत मी त्यांच्यासोबत बोर्ड रंगवायचो. गिरडला दर्ग्याच्या टेकडीखालच्या एका फुलवाल्याला बोर्ड हवा होता, लोकांनी चपला त्याच्या दुकानापाशी काढाव्यात म्हणून. काकाजींनी तो माझ्यावर सोपवला. मी चपलांचा झकास जोड काढला, पट्ट्याची शिवणसुद्धा दाखवली, आणि अक्षरं मुद्दाम टाळली. रंग वाळतो न वाळतो तोच एक बाई तुटकी चप्पल हातात घेऊन आली. "भाऊ, अंगठा लावून देता का?" फुलवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "घ्या! फुलं सोडून आता चपला शिवतो!" काकाजी पोट धरून हसले. मग ब्रश उचलून त्यांनी खाली लिहिलं, 'चपला येथे काढाव्या'. म्हणाले, "चित्र ज्याले त्याले आपल्या गरजेचं दिसते, बापू. तिची चप्पल तुटली होती, तिले चपलेचं दुकान दिसलं. म्हणून खाली नाव लिहाचं असते."

पुढे मी अ‍ॅप आणि वेबसाइटसाठी तशीच छोटी चित्रं करू लागलो. त्यांना आयकॉन म्हणतात. आमच्या भागातल्या एका दवाखान्याचं अ‍ॅप माझ्याकडे आलं. सहकारी म्हणाली, चित्रांखाली नावं राहू दे. मला गिरडची चप्पल आठवली... खोटं कशाला लिहू, आठवलीच होती. तरी मी नावं काढून टाकली. पडदा मोकळा, देखणा दिसायला लागला. सगळ्यांनी वाखाणलं. दिवाळीत ते अ‍ॅप मी काकाजींच्या फोनमध्ये टाकून दिलं. बस धरायची होती, समजावून सांगायला वेळ नव्हता. "पत्र पाठवतो," म्हणालो. पत्र त्यांना आवडायचं, माझ्या अक्षराचं वळण बिघडलं का ते तपासायला.

तेरवीला गेलो तेव्हा काकूंनी सांगितलं. काकाजींना दम लागत होता आणि तीन दिवस ते फोनवरचं घराचं चित्र दाबून वाट पाहत होते. "म्हणत, डॉक्टर घरी येते. मले खुर्ची पुसाले लावली, दार उघडं ठेवलं. मी म्हनलं, काऊन थांबता, ऑटोनं जाऊ. तं म्हणे, थांब, बापूनं बनवलं हाय, चुकन कसं?" चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... आमच्या धंद्यात घराचं चित्र म्हणजे अ‍ॅपचं पहिलं पान. ते दाबलं की माणूस पुन्हा सुरुवातीला येतो. काकाजी तीन दिवस सुरुवातीलाच येत राहिले.

आता त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक चित्राखाली नाव आहे. अर्ध्या दिवसाचं काम होतं. काकू म्हणतात, "तुयी काय चूक, बाप्पा." त्यांना वाचता येत नाही. ब्रशांच्या डब्यात जपून ठेवलेलं माझं पत्र त्यांनीच माझ्या हातात दिलं. पत्राच्या डोक्यावर मी अ‍ॅपमधली चार चित्रं काढली होती, नावांशिवाय. काकाजींनी सवयीनं, सगळ्यात बारीक ब्रशनं, प्रत्येकाखाली नाव घातलं होतं. तीन बरोबर होती. घराखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टर घरी येतील'. आणि त्याखाली माझं पत्र...

ती. काकाजींना सा. न.,
अ‍ॅपमधली चित्रं वर काढली आहेत. नावं मुद्दाम घातली नाहीत. नावाची गरज पडू नये असं चित्र काढायचं, हे तुमच्याच हाताखाली शिकलो ना! तब्येतीला जपा. कधी बरं वाटलं नाही आणि काही सुचेनासं झालं, तर घाबरू नका. घराचं चित्र दाबा. बाकी सगळं आपोआप होईल.
तुमचा,
बापू