अळणी थेपले

सोमवारी तलासरीच्या आमच्या शाळेत पोचले, तर माझा आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणलेला. दारात मुख्याध्यापक सर हसतमुखाने उभे... "मॅडम, आता जिना नको. तुम्हाला बीपी आहे ना!"

हे बीपी कुठून आलं ते आधी सांगते. मला बीपी नाही. मी एक्कावन्न वर्षांची आहे, पाळी जायच्या बेतात आहे, आणि जाताना नीट निरोप घेऊन जावी तर तेही नाही. दोन-दोन महिने गायब, आणि आली की अशी येते की खुर्चीवरून उठायची भीती वाटते. मध्येच अंगातून वाफा निघतात. झोपेचं म्हणाल तर... जाऊ दे.

मागच्या महिन्यात फळ्यावर गणित सोडवता सोडवता घामाने भिजले आणि पुढची पायरीच आठवेना. मुलं माझ्याकडे बघत राहिली. असं दोनदा झालं. इतकी वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला त्याचं काय वाटलं असेल, ते मला लिहिता येत नाही.

सरांनी बोलावून विचारलं, काही त्रास आहे का? सर माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. माणूस सज्जन... पण जीभ रेटेना. तोंडातून निघून गेलं, "बीपी." बीपी कसं, अब्रूदार दुखणं आहे.

त्या दिवसापासून अख्खी शाळा माझ्या बीपीच्या सेवेला लागली. डब्यातलं लोणचं माझ्यापर्यंत पोचेना. आमच्या विज्ञानाच्या भावनाबेन घोलवडहून येतात, त्या माझ्यासाठी वेगळे थेपले करून आणायला लागल्या... अळणी. इतक्या प्रेमाने पुढे करायच्या की नको म्हणवेना. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मुकाट्याने खाल्लं नसेल.

आणि आता हा वर्ग. जिना वाचला खरा, पण या खोलीची मागची भिंत म्हणजे पोरांची खिचडी शिजते त्या स्वयंपाकघराची भिंत. खिडकी एकच, ती गंजून बसलेली. बायकांचं टॉयलेट वरच्या मजल्यावर, माझ्या जुन्या वर्गाला लागून. म्हणजे मला जे जे लागत होतं ते सगळं वर राहिलं, आणि मी तेवढी खाली आले.

सगळे म्हणत होते, सर किती काळजी घेतात! घेतात हो, खरंच घेतात... म्हणून तर जास्त रडू येत होतं.

बुधवारी तिकडे खिचडीला फोडणी पडली आणि इकडे मला कळलं, साडी खराब झाली. शाळकरी वयात दप्तर मागे धरून घरी आले होते, तशी वह्यांचा गठ्ठा मागे धरून जिना चढले. एक्कावन्नाव्या वर्षी. संध्याकाळी डहाणूला परतताना शेअरच्या इको गाडीत खिडकीला डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच मनात आलं, सोडून द्यावी ही नोकरी. मला शिकवायला आवडतं हो... पण अंगात त्राणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, मला बीपी नाही. माझी पाळी जातेय, त्याचा त्रास आहे.

सरांचे कान लाल झाले. टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. मग म्हणाले, "मॅडम, मला यातलं खरंच काही कळत नाही. तुम्हाला काय हवंय तेवढं सांगा."

...आणि मला सांगताच येईना! लाज गिळायची तयारी करून गेले होते, मागायचं काय याची नाही. कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, वरचा वर्ग परत द्या. टेबल खिडकीशी असू दे. आणि तास चालू असताना बाहेर जावं लागलं, तर पाच मिनिटं कुणीतरी वर्ग सांभाळा.

सर लगेच हो म्हणाले. पण स्टाफला काय सांगायचं? मीच सांगते, म्हणून बसले. आता मागे कशी फिरणार!

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. पीटीचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. कुणीतरी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं.

भावनाबेन उठल्या. मला वाटलं, रागावल्या... इतक्या दिवसांचे थेपले फुकट गेले. पण त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेन, माझं ते थायरॉइड आहे ना, दोन वरसपासून सांगते ते... ते पण आ ज छे." म्हणजे हेच.

दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खातोय. त्यांचं थायरॉइड, माझं बीपी. दोघी एकमेकींची पथ्यं सांभाळत होतो.

त्रास काही संपलेला नाही. आत्ताही हे लिहिताना पंखा पाचवर आहे आणि घरातले पांघरूण घेऊन बसलेत. सगळ्यांना आमच्यासारखे सर मिळत नाहीत, हेही कळतं. पण वरच्या वर्गात वारा येतो, आणि माझा तास अडला की भावनाबेन येऊन उभ्या राहतात. त्यांचा अडला की मी.

आज त्यांनी थेपले आणले होते... मीठ घातलेले, वर लोणच्याची फोड. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. काय झालं, कुणीतरी विचारलं. आणि मला काही खोटं सांगावं लागलं नाही.