पावणं कुठवर आल्यात?

दोनशे किलोचा बार जमिनीवरून उचलणारी माणसं कोल्हापुरात शोधली तर सापडतील. पण तो उचलून आल्यावर गाडीची किल्ली खाली पडली तर तिच्याकडं अर्धा तास नुसता बघत उभा राहणारा माणूस त्रिखंडात एकच, आणि तो नेमका माझ्या अक्काच्या नशिबी यावा! आमचे दाजी. शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर, वय पन्नाशीला टेकलेलं, त्यातली पंचवीस वर्षं पॉवरलिफ्टिंगमध्ये गेलेली. शर्टाचं वरचं बटण लग्नानंतर कधी लागलेलं नाही. कुणी कौतुकानं "कुठल्या तालमीचं पैलवान?" म्हणून विचारलं की दाजी भडकलेच. "कुस्ती न्हाय ओ! हितं समोरचा गडी लोखंडाचा असतोय, त्यो कधी चीतपट हुत न्हाय!" विचारणारा बिचारा चहा अर्धा टाकून निघून जातो.

दुखण्याला दाजी 'पावणं' म्हणतात आणि त्याचं त्यांनी एक शास्त्रच करून ठेवलंय. "पावणं दारात हुबं असतील तवर सराव चालू. सोप्यात येऊन बसलं की वजन कमी. सैपाकघरात शिरलं, की बार खाली. वाद न्हाय!" जिममधली पोरं हे माना डोलावत ऐकतात, आणि खरंच त्यांच्यातल्या कुणाची कंबर गेलेली नाही. स्वतः दाजींचं काय विचारता! पावणं सैपाकघरात पाटावर बसून दुसरी भाकरी मागत असले तरी दाजींच्या मते ते अजून दारात चपलाच काढत असतात. असंच एकदा मणक्यातली गादी सरकली. तीन महिने अंथरुणावर, मोजेसुद्धा अक्का घालायची. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा सरकली तर ऑपरेशन, आणि पाय किती साथ देईल ते मी सांगू शकत नाही."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. दाजी रिक्षातून कसे उतरतात, शिंकताना भिंत धरतात का, हे मी चोरून बघत असतो. माझीच झोप उडाली, दाजी आपले घोरताहेत! त्यात अक्कानं मला शपथ घालून स्पर्धेत त्यांचा मदतनीस केलं. काम सोपं: पट्टा आवळायचा, आणि दाजी सांगतील तो पुढच्या वजनाचा आकडा चिठ्ठीवर लिहून मिनिटाच्या आत टेबलावर द्यायचा. "चिठ्ठी तुझ्या हातात हाय," अक्का म्हणाली. "त्यास्नी आवर, बाबा."

गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेत दुसऱ्या खेपेला दोनशे किलो उठले. पण मंचावरून उतरताना दाजींनी टेबलाचा कोपरा धरला.

"दाजी, पावणं कुठवर आल्यात?"

"दारात," म्हणाले, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. "ह्या बारीचा आकडा तूच लिव्ह."

स्वतःच्या चहात साखरसुद्धा दुसऱ्याला घालू न देणारा हा माणूस! एक शेवटची खेप उरली होती. मी नुसते अडीच किलो वाढवून दोनशे अडीच लिहायला हवं होतं. अक्काची शपथ आठवत होती, मिनिट पळत होतं. पण पाच वर्षं दाजी दोनशे वीसच्या मागं होते, आणि ते मिटलेले डोळे बघून मी गाढवानं लिहिलं, दोनशे वीस! चिठ्ठी टेबलावर दिली. हे काय करून बसलो मी?

दाजी बारापाशी गेले. दोन्ही बाजूंच्या प्लेटा मोजल्या आणि वळून माझ्याकडं बघितलं. मी लांबूनच हात जोडले. नको, दाजी, नको. दाजी हसले. मग पावडर लावलेले हात त्यांनी उभ्या उभ्याच बारापुढं जोडले आणि खाली उतरून आले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पैलवान, काय झालं?" पैलवान म्हटल्यावर दाजी पहिल्यांदाच भडकले नाहीत.

"चुकलं माझं, दाजी."

"चुकलं कशाचं? तुला वाटलं मी उचलीन. बस्स की!"

"आणि पावणं?"

दाजींनी पट्टा सैल केला. "सैपाकघरात हायत रं. कवाधरनंच."

बाहेर गाडीपाशी आलो तर त्यांच्या हातून किल्ली निसटली. मी सवयीनं दुसरीकडं बघायला लागलो. तेवढ्यात खांद्यावर त्यांचा हात पडला.

"उचल की तेवढी."

मी वाकलो. डोळे पुसून घ्यायला जरा वेळ लागला, पण दाजींनी घाई केली नाही.