फुकटवाल्या वहिनींची अमावस्या

वहिनींशी भाव करता येत नसे. माझ्यासारख्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. वडवणीच्या आठवडी बाजारात सायकलीला बियाण्याच्या पिशव्या लटकवून मी धंदा सुरू केला. ज्याची किंमत आहे ती कमी करता येते, या एका विश्वासावर मी बीडजवळ बियाणं साफ करून पिशव्यांत भरण्याचा कारखाना उभा केला. ट्रकवाले, बारदानवाले, पुण्यामुंबईचे सुटाबुटातले विक्रेते, सगळ्यांना मी घाम फोडला आहे. आणि या बाई माझ्या कचेरीत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सॉफ्टवेअर फुकट हाय."

"फुकट म्हणजे किती?" मी विचारलं.

"भाऊजी, फुकट म्हणजे फुकट."

"बरं, वर्षाला किती?"

"वर्षालाबी फुकट. माझ्या कामाचा पगार तेवढा घेईन. आणि त्यात घासाघीस करायची असंल तर आत्ताच चहा पाजा, मी निघते."

मी चहा पाजला आणि पगार मान्य केला. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच शब्दाला होकार दिला होता, आणि तो मला आजही बोचतो.

वहिनी म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राची बायको. माहेर घाटनांदूरचं, शिक्षण आणि काही वर्षांची नोकरी पुण्याची. मित्र बीडच्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागला, तेव्हा त्या इकडे आल्या. पुण्यातून त्यांनी इंजिनिअरिंग आणलं, पण घाटनांदूरची बोली तिथे टाकून आल्या नाहीत. माझ्या कारखान्यातली माणसं त्यांना पाठीमागे 'फुकटवाल्या वहिनी' म्हणत. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा हमालालाच त्यांनी हटकलं, "पाठीमागं कावून म्हणता? समोर म्हणा की. नाव चांगलं हाय."

त्यांना बोलावण्याआधी मी एकदा फसलो होतो, ते सांगितलं पाहिजे. बाजार खुला झाला तशी शहरातली एक एक कंपनी आमच्याकडे उतरू लागली. त्यातल्या एकीने माझे सगळे कागद संगणकात भरून दिले. बियाण्याच्या धंद्यात कागद म्हणजे जीव. माल एका खेपेत तयार झाला की त्या खेपेला, म्हणजे लॉटला, एक नंबर पडतो. त्या नंबरामागे तपासणीचा दाखला, नमुन्याची चिठ्ठी, गाडीची पावती अशी शेपटी असते. ती शेपटी तुटली की परवाना गेला. दुसऱ्या वर्षी कंपनीने देखभालीचा दर वाढवला आणि मी भांडलो. त्यांनी त्यांचं कुलूप बंद केलं, आणि माझेच कागद मला उघडेनात. त्यांचा टाय लावलेला माणूस फोनवर मला म्हणाला, "तुमच्या बीडकडे हे सगळं झेपायचं नाही, शेठ." त्या वाक्याचा मी आजही हिशेब ठेवून आहे. मूळ कागद पोत्यांत भरून ठेवलेले होते, ते पुन्हा बाहेर काढून आम्ही वहिनींच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने भरले.

हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेलं, आतला सांगाडा सगळ्यांना उघडा, कुलूप कुणाचंच नाही. मी विचारलं, "ह्यात त्यांचा फायदा काय?" वहिनी म्हणाल्या, "तुमाला फायदा समजतो, उपयोग समजत न्हाई. समजंल हळूहळू."

पहिल्या दिवशी मी सगळी पोती स्कॅनरपुढे आणून टाकली. वहिनींनी त्यांना हात लावला नाही. "घरात पसारा असंल तर यंत्रातबी पसाराच जातो. आधी नावं ठरवा." एका कागदाला एकच नाव. त्यात पीक, हंगाम आणि लॉट नंबर, त्याच क्रमाने, प्रत्येकाने, कायम. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असली उतरंड त्यांना खपत नसे. "उतरंडीत खालच्या मडक्यात काय हाय, ते फक्त मांडणारीला ठाऊक. कागदाच्या कपाळावरच लिहा, मग तो कुठंबी असू द्या, हुडकला की निघतो." सुरुवातही त्यांनी सगळ्या कारखान्याची केली नाही. आधी फक्त तपासणीचे दाखले. ते आठवडाभर विनातक्रार चालले, मग गाड्यांच्या पावत्या. मी घाई केली की त्या म्हणत, "सगळं रान एकदम पेरता का भाऊजी? आधी एक वाफा उगवून बघता ना?" बियाणेवाल्याला बियाण्यातलंच उदाहरण द्यायचं, म्हणजे त्याला तोंड उघडता येत नाही.

मूळ सॉफ्टवेअरला त्या कधी हात लावत नसत. आम्हाला हवे ते बदल वेगळ्या जागी, वेगळ्या कप्प्यात. नवी आवृत्ती आली की ती आधी एका जुन्या संगणकावर चालवून बघायच्या, मगच खऱ्यावर. अडलं की इंटरनेटवर त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा जो पत्रव्यवहार चाले, तिथे विचारत. दुसऱ्या कुणाचं अडलेलं त्यांना सुटलं, तर तिथेच उत्तरही लिहीत. पगार माझा, वेळ माझा, आणि उत्तर कुठल्या तरी परक्या देशातल्या माणसाला. मी चिडलो की म्हणत, "विहिरीवर नुसती घागर घिऊन जायचं न्हाई, गाळ काढायलाबी जावं लागतं."

पण त्यांची खरी सवय अमावस्येची. अमावस्येला आमच्याकडे यंत्राला नारळ फुटतो, गाड्यांना लिंबू-मिरची लागते. वहिनींनी त्यालाच आपलं काम जोडलं. रोजची नक्कल संगणक आपोआप घेई, पण महिन्याची वेगळी नक्कल त्या एका हार्ड डिस्कवर घेऊन घाटनांदूरला माहेरी, आईच्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवत. दर अमावस्येला ती आणायची, जुन्या संगणकावर उघडायची, आणि खरे कागद दिसतात का ते बघायचं. कागद एकीकडे आणि कोणता कागद कशाचा याची यादी दुसरीकडे असे. दोन्हींची नक्कल एकाच वेळची लागते, नाहीतर हाती आलेले कागद ओळखू येत नाहीत. "नक्कल घेतली म्हणजे नक्कल हाय असं न्हाई," त्या म्हणत. "उघडली तरच हाय."

आमचं पहिलं मोठं भांडण माझ्या चुलत्यांवरून झालं. आप्पा म्हणजे वडिलांमागे घराचे कर्ते. धंद्यात त्यांचा एक पैसा नव्हता, पण त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. त्यांनाही माउस हलवता येऊ लागला होता. वहिनींचा नियम होता की अधिकार खुर्चीला द्यायचा, माणसाला नाही. दाखले तपासणाऱ्याला एक, गोदामवाल्याला दुसरा. पुसण्याचा फक्त एकाला. मी म्हणालो, "आप्पांना सगळे अधिकार पाहिजेत."

"आप्पा काय काम करतात?"

"ते मोठे आहेत. हे काम आहे."

"मोठे हायत म्हणून त्यांना गोदामाच्या फ्यूजात हात घालू देता का?"

"वहिनी, यंत्र आमच्या आप्पांना 'परवानगी नाही' म्हणणार? ह्या घरात त्यांना नाही म्हणणारं माणूस जन्मलं नाही!"

मी टेबलावर मूठ आपटली. वहिनींनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि मला हवं तसं करून दिलं. जाताना एवढंच बोलल्या, "द्या. पण माझी अमावस्या चुकवायला सांगू नका."

त्या वर्षी दिवाळीआधी चकलांब्याहून तक्रार आली. आमच्या एका लॉटचं कापसाचं बी उगवलं नाही, असं काही शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. बियाणे निरीक्षकाची नोटीस आली. भाऊबीज झाली की त्या लॉटचे सगळे कागद समोर ठेवा, नाहीतर परवान्यावर कारवाई. मला घोर नव्हता. लॉट पास होता, आणि कागद पोत्यांत आणि संगणकात दोन्हीकडे होते.

मग दिवाळीची साफसफाई निघाली. आप्पांनी आधी पोती रद्दीवाल्याला दिली. "काम्पुटरात हाय म्हणता ना? मग ही घाण कशाला?" दुसऱ्या दिवशी ते संगणकापुढे बसले. तिथे जुन्या हंगामाचे ढीग दिसले. लक्ष्मी यायची तर जुनं गेलं पाहिजे, म्हणून त्यांनी तेही पुसलं आणि आतली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. हे कुणाला कळलं नाही. रोजची नक्कल रोज जुनीवरच लिहिली जाई, त्यामुळे तीही आप्पांनी झाडल्यासारखीच झाली.

लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं. दुपारी कचेरीत चौरंग मांडला जात होता, झेंडूची तोरणं चढत होती, आणि वहिनी पिशवीत ती हार्ड डिस्क घेऊन आल्या. मी ओरडलो, "वहिनी, आज तरी राहू द्या!" त्या म्हणाल्या, "आजबी अमावस्याच हाय." जुन्या संगणकावर नक्कल उघडली. मग खऱ्या संगणकाकडे बघितलं. परत नकलेकडे बघितलं.

"भाऊजी, चकलांब्याचा लॉट इथं दिसतो. तिथं न्हाई."

माझ्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट तसंच राहिलं. आप्पा पाटावर बसलेले. त्यांनीच विचारलं, "काय गेलं?" वहिनींनी समजावून सांगितलं. आप्पा पांढरे पडले, आणि मग नेहमीच्या आवाजात गरजले, "असं पुसलं जातं हे मला कावून सांगितलं न्हाई?" माझं तोंड उघडलं होतं, आणि त्यातून काय बाहेर पडलं असतं देव जाणे. पण वहिनी म्हणाल्या, "आप्पा, तुमी झाडलं म्हणून तर कळलं की माझी नक्कल चालते. बसा निवांत, पूजा हुईस्तवर आणते." आरती चालू असताना त्यांनी तेवढाच हंगाम नकलेतून उचलून जागेवर ठेवला. मी टाळ्या वाजवत होतो, पण डोळे देवीकडे नव्हते.

भाऊबीज झाल्यावर निरीक्षकासमोर नमुन्याच्या चिठ्ठीपासून गाडीच्या पावतीपर्यंत प्रत्येक कागदाची प्रत निघाली. त्यांनी दाखल्यांचे क्रमांक प्रयोगशाळेशी जुळवले. जुळले. परवाना राहिला. टायवाल्या माणसाला फोन करून सांगावंसं वाटलं की बीडला झेपलं. नंबर माझ्याकडे होता. केला नाही, कारण तो पुन्हा काहीतरी विकायला बसला असता.

आप्पांचे अधिकार मात्र काढायचे होते, आणि ते त्यांना सांगायचं कुणी? तिथे वहिनींनी जे केलं ते मी विसरणार नाही. सॉफ्टवेअर उघडं, म्हणून त्यातले शब्दही आपले. 'परवानगी नाही' हे शब्द त्यांनी काढले आणि तिथे लिहिलं: 'हे हलकं काम आपण करू नये. कृपया कचेरीला हुकूम करावा.' आप्पांनी पुसायचं बटण दाबलं, चष्मा लावून तो मजकूर मोठ्याने वाचला, दोनदा वाचला, आणि मला म्हणाले, "बघ बे, यंत्राला रीत कळती. तुला न्हाई."

आता माझी तक्रार. हे सगळं माझ्या कारखान्यात, माझ्या पगारावर उभं राहिलं: नावांची पद्धत, लॉटचे रकाने, मराठी शब्द, आप्पांचा हुकूम. मी ठरवलं होतं की हे इतर बियाणेवाल्यांना विकायचं. तेवढ्यात कळलं की वहिनींनी ते सगळं वडवणीच्या माझ्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकलं. ज्याने माझी तीन दुकानं फोडून आपल्याकडे वळवली, त्याला! आणि फुकट!

मी भर कचेरीत आवाज चढवला. "माझ्या जिवावर वाढलेलं तुम्ही वैऱ्याला दिलं!"

"भाऊजी, तुमाला ज्यांनी दिलं, त्यांनी तुमी कोण ते विचारलं होतं का?"

"मी त्याचा भाव लावला होता!"

"ते मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर लौकर दिलं."

त्या उठल्या. पुढच्या अमावस्येला नक्कल कशी उघडायची ते माझ्या ऑपरेटरला समोर बसवून शिकवलं, त्याच्याकडून एकदा करवून घेतलं, आणि काम सोडून गेल्या. काही महिन्यांनी मित्राची बदली नांदेडला झाली. निरोपाला मी गेलो नाही. मला आजही वाटतं की माझं बरोबर होतं. घाम माझा होता.

पण पुढे काही वर्षांनी एकदा नवी आवृत्ती चढवली आणि मराठी आकडे टाकून लॉट सापडेना. पेरणी तोंडावर होती. दोन दिवस ऑपरेटर डोकं धरून बसला. मग त्या इंटरनेटच्या पत्रव्यवहारात उपाय सापडला. लिहिणारा होता तोच, वडवणीचा. त्याच्याही कचेरीत तेच अडलं होतं, त्याने ते सोडवलं होतं आणि सगळ्यांसाठी टाकून दिलं होतं. तो उपाय लावला आणि माझे लॉट निघाले.

वडवणीवाल्याचे उपकार? माझ्यावर? ते मी एक रात्रसुद्धा ठेवून घेणार नव्हतो. पाऊस लांबला तर दुकानांतून परत येणाऱ्या पिशव्यांच्या नोंदींची आम्ही एक चांगली सोय केली होती, ती मला फार प्रिय होती. ऑपरेटरला म्हणालो, "टाक तिथे. सगळ्यांना दिसेल अशी टाक. फिटलं!"

दुसऱ्या दिवशी तिच्याखाली नांदेडहून एक ओळ आली होती. इतक्या वर्षांनी.

"भाऊजी, काय भाव लावला?"

मी ऑपरेटरला खुर्चीवरून उठवलं. एका बोटाने, अक्षर हुडकत हुडकत, मीच लिहिलं:

"फुकट. पण माझा राग गेलेला नाही."