पोचल्याची वेळ

चूक माझी होती. दाजींना जाऊन सात आठवडे झाले, आज ती लिहून टाकतो. छातीत दुखायला लागल्यावर परंड्याच्या डॉक्टरांनी त्यांना ताबडतोब जवळच्या बार्शीला हलवायला सांगितलं होतं. अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, मला दुबईला फोन केला. मला विचारल्याशिवाय ती मोठं काही ठरवत नसे. मी म्हणालो, "बार्शीला नको. मी निघालोच. तीन तासांचं तर विमान. पुण्याहून गाडी घेऊन येतो, तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेऊ." खरं तर माझ्या रजेवर साहेबांची सहीसुद्धा झालेली नव्हती...

दाजी एस्टीत कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी सुटली, कधी आली, हे लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ओसरीत फळा टांगला. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की खडूनं सुटल्याची वेळ लिहायची. पोचल्याची जागा माणूस पोचेपर्यंत कोरी. "गाडी फलाटाला लागल्याबिगर आली म्हणायचं न्हाय," हा त्यांचा नियम. अक्काला त्या कोऱ्या जागेची भीती वाटायची. "बघवत न्हाय ती मला," म्हणायची.

पहिल्यांदा दुबईला निघताना मी बढाई मारली होती, की दोन हजार किलोमीटरचं अंतर, पण तीन तासांत पार. वर तिथलं घड्याळ दीड तास मागं, तेवढा वेळ फुकटच मिळतो.

दाजी हसले नाहीत. "येताना त्यो दीड तास काढून घेत्यातच की, पावणं. आन् विमानाचं सोडा. तुमच्या दारातनं आमच्या दारात किती, ते सांगा."

"तुमचा लाल डबा नव्हे तो, दाजी!"

पुढं दर सुट्टीत मी उंबऱ्यात पाय ठेवला की ते घड्याळ बघत. "सोळा तास! विमान पंक्चर झालतं व्हय?"

त्या दिवशी माझ्या शब्दावर अक्कानं बार्शीला न्यायला दारात आलेली गाडी परत पाठवली. दाजींनी तिला विचारलं, "खरंच निघालाय का त्यो?" ती म्हणाली, "व्हय, त्योच म्हणला." मग ते भिंतीला धरून उठले आणि फळ्यावर लिहिलं... दुबई, सुटली ४.१५.

मला विमान मिळालं ते दुसऱ्या दिवशी उजाडताना पुण्यात उतरणारं. प्रवास बरोबर तीन तासांचा झाला. उतरल्या उतरल्या फोन लावला, तर अक्काऐवजी शेजारच्या काकांनी उचलला. "या सावकाश," एवढंच म्हणाले. त्यानंतर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी परंड्यापर्यंत मी ड्रायव्हरला गाडी जोरात घे म्हणत राहिलो. पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. दारातली माणसं बाजूला झाली.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. फळा तसाच होता, अक्का कुणाला पुसू देत नाही. मी खडू घेतला, ४.१५ खोडलं आणि कोऱ्या जागेत अकरा लिहिले. अक्का मागं उभी होती.

"फोन केलास तेव्हा मी निघालो नव्हतो, अक्का. खोटं बोललो. दाजींना मीच थांबवलं. मला माफ कर."